भाग चार निघाला म्हणजे भाग तीन खपला

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला समितीतल्या एका सरांनी मला अगदी साधा प्रश्न विचारला होता. "तुमचा विषय पूर्व विदर्भातल्या गाण्यांच्या कॅसेट्स. ठीक आहे. मग तुमच्या भागात सगळ्यात जास्त खपलेली कॅसेट कोणती?" मी ठोकून दिलं, "भीमगीतांची." सर म्हणाले, "आकडा?" आकडा नव्हता. त्या रात्री सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी खोडलं, आणि खरं सांगायचं तर माझं संशोधन तिथूनच सुरू झालं. आजची पोस्ट त्या न सापडलेल्या आकड्याबद्दल आहे.

"कोणत्या दशकात कोणता अल्बम सर्वाधिक खपला" अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' वर, मग पिंक फ्लॉइड, ईगल्स वगैरे. वाचायला मजा येते. पण ही यादी तयार कशी होते ते बघायला गेलं की मजेचा प्रकार बदलतो. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांची एक संघटना आहे. ती दहा लाखांचा टप्पा गाठला की 'प्लॅटिनम' प्रमाणपत्र देते. हे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करायचा, ऑडिटचे पैसे भरायचे, मग मोजणी. मोजायचं काय, तर गिऱ्हाइकाने घरी नेलेला माल नाही, कंपनीने बाजारात पाठवलेला माल, परत आलेला वजा करून. २०१६ पासून त्यात आणखी एक भर पडली: एखाद्या अल्बममधली गाणी नेटवर १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम 'विकला' असं धरायचं.

याचा परिणाम काय होतो त्याचं एक छान उदाहरण आहे. ईगल्सच्या १९७१ ते १९७५ मधल्या गाण्यांच्या संग्रहाला २००६ साली २९ प्लॅटिनम होते. २०१८ मध्ये फेरमोजणी झाली आणि ते एकदम ३८ झाले. 'थ्रिलर' मागे पडला. चाळीस वर्षं जुन्या अल्बमच्या नावावर एका दिवसात नव्वद लाखांची भर! मधल्या बारा वर्षांत तो थोडाफार विकलाही गेला असेल, पण एवढी उडी मोजण्याच्या रीतीशिवाय शक्य नव्हती.

आता याहून महत्त्वाचं उदाहरण, जे मी दर सेमिनारमध्ये सांगते. 'बिलबोर्ड' मासिक अल्बमची साप्ताहिक क्रमवारी छापतं. १९९१ च्या मेपर्यंत ही क्रमवारी कशी ठरायची? दुकानदारांना फोन करून. "या आठवड्यात काय चालतंय?" असं विचारायचं, आणि काउंटरवरचा माणूस आठवेल ते, वाटेल ते सांगायचा. मे १९९१ मध्ये 'साउंडस्कॅन' आलं: बारकोड स्कॅन होईल तेवढीच विक्री. आणि गंमत बघा, कंट्री संगीत, म्हणजे तिकडच्या गावखेड्यातल्या गोऱ्यांचं गाणं, यादीत भराभर वर चढलं. जूनमध्ये एन. डब्ल्यू. ए. या काळ्या मुलांच्या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाचा अल्बम आल्या आल्या थेट पहिला. लोकांचे कान मे महिन्यात अचानक बदलले नव्हते. ते आधीपासून हेच विकत घेत होते, फोनवरच्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या भिवापूरच्या बसस्टँडसमोरचा कॅसेटवाला आठवला. त्याला कोणी कधी फोन केला होता?

आपल्याकडे मोजणीचा इतिहास फारच बारीक आहे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. तिची क्रमवारी रेकॉर्डच्या दुकानांतून येणाऱ्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर ठरायची. पण ती हिंदी सिनेमाची. कंपन्या आपल्या कलाकारांना सोन्याच्या तबकड्या द्यायच्या, म्हणजे मोजणारा तोच आणि बक्षीस देणाराही तोच. 'आशिकी'च्या (१९९०) कॅसेट्स दोन कोटी खपल्या असं सर्रास छापलं जातं. कोणी मोजल्या ते छापलं जात नाही. आणि यावर कळस म्हणजे, भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेने २०२१ मध्ये स्ट्रीमिंगवर आधारलेली एक अधिकृत क्रमवारी सुरू केली, ती फक्त परदेशी गाण्यांची. भारतात ऐकल्या जाणाऱ्या वीस परदेशी गाण्यांची साप्ताहिक यादी आपल्याकडे आहे. मराठीची नाही.

पण अडचण फक्त मोजणाऱ्याची नाही, 'अल्बम' या शब्दाचीही आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं मावायचं. अशा अनेक तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे, त्यावरून ते नाव पडलं. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एकाच तबकडीला अल्बम म्हणायला लागले. म्हणजे एक माणूस, एक तबकडी, घरी बसून सलग ऐकणं, असं चित्र त्या शब्दात आहे. आमच्या गावात हे चित्र कधीच नव्हतं. रेकॉर्ड असायच्या बिछायत केंद्रवाल्याकडे. लग्न, बारसं, मंडईचा कार्यक्रम, कुठेही भोंगा लागला की त्याच्याकडची एकच तबकडी सारं गाव ऐकायचं. विक्री एक, कान हजार. 'गीतरामायण' घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमा-बाबूजींची ही ५६ गाणी आठवड्याला एक अशी लागली. लोकांना ती फुकट पाठ झाली होती, रेकॉर्ड्स नंतर. मग 'गीतरामायण' किती खपलं या प्रश्नाचं उत्तर कितीही मोठं आलं, तरी त्यातून ते किती ऐकलं गेलं हे कळत नाही.

कॅसेट आल्यावर तर अल्बम आणखीनच मोडला. उमरेड रोडवर एक दुकान होतं, आता तिथे मोबाईल रिचार्ज आहे. मालक म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंचे भाऊ, म्हणून मी त्यांना मामाच म्हणते. त्यांच्याकडे तयार कॅसेट्स कमी आणि कोऱ्या जास्त. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं, मामा दोन दिवसांनी 'भरून' द्यायचे. मी विचारलं, कोणता अल्बम जास्त चालायचा?

"अल्बम कोन घेते बाप्पा? लोकायले गानं पायजे राहे. एका बाजूले पिच्चरचं, एका बाजूले भजन. पैसे तर तेवढेच लागत."

मामांनी त्या यादीच्या चिठ्ठ्या एका डायरीत कोंबून ठेवल्या होत्या. बऱ्याच उंदरांनी खाल्ल्या, उरल्या त्या मी स्कॅन केल्या आहेत. माझ्या दृष्टीने यापेक्षा मोठा खजिना नाही. आणि हेही कबूल करते की त्या चिठ्ठ्यांनी मला थोडं तोंडघशी पाडलं. मला वाटलं होतं पानोपानी भीमगीतं निघतील. निघाली, पण हिंदी सिनेमा त्याहून जास्त. आमच्या वस्तीतल्या पत्त्यांच्या चिठ्ठ्यांतसुद्धा. न मोजलेलं ते सगळं मोठंच असणार, असा एक सोयीस्कर समज आम्हा संशोधकांत असतो. मी त्यातलीच एक होते.

इथे पीटर मॅन्युएल यांच्या पुस्तकाबद्दल बोलायला हवं, कारण या विषयात कोणीही आलं की पहिल्यांदा तेच हातात देतात. 'कॅसेट कल्चर', शिकागो विद्यापीठ, १९९३. पुस्तक उत्तम आहे, हे आधीच सांगते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९७० च्या दशकापर्यंत भारतात रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही आणि एचएमव्ही म्हणजे मुख्यतः सिनेमाचं गाणं. कॅसेट आली, ती स्वस्त, भरायला सोपी. छोट्या गावातला माणूससुद्धा थोड्या भांडवलावर कंपनी काढू शकतो. त्यामुळे एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, ब्रजच्या रसियापासून भजनापर्यंत प्रादेशिक गाणी बाजारात आली. त्यांच्या आकड्यांनुसार १९८० मध्ये भारतात संगीताची विक्री सुमारे १२ लाख डॉलरची होती, ती १९९० पर्यंत २ कोटी १० लाखांच्या पुढे गेली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यात कॅसेटचा वाटा ९५ टक्के होता. मॅन्युएल भाबडे नाहीत. द्वेष पसरवणाऱ्या कॅसेट्सचीही चर्चा त्यांनी केली आहे. तरी पुस्तकाचा एकूण सूर असा की माध्यम लोकांच्या हाती आलं.

मला यात दोन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'उत्तर भारत' आहे, त्यामुळे आपल्याकडचं आंबेडकरी गाणं त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणीही गात आणि भीमगीतंही. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात. नागोराव पाटणकरांसारखे कव्वाल विदर्भात रात्र रात्र मैदान गाजवत. हे गाणं कॅसेटमुळे जन्मलं नाही. त्याचा बाजार कॅसेटच्या आधीपासून होता: जयंती, वर्षावास, सामना. कॅसेट त्या बाजारात आली. मी लहान असताना बाबा दसऱ्याला आम्हाला नॅरोगेजच्या छोट्या गाडीने इतवारीला न्यायचे (ती गाडी २०१९ ला बंद झाली, रूळ मोठे करायला), तिथून दीक्षाभूमी. तिथे पुस्तकांचे स्टॉल आणि त्यांना चिकटून कॅसेटचे. प्रत्येक स्टॉलवर वेगळं गाणं, सगळे एकाच वेळी मोठ्याने. बाबा दर वर्षी दोन कॅसेट घ्यायचे. पावती कधी मिळाली नाही, मागितलीही नाही. त्या मैदानावर दोन-तीन दिवसांत किती माल खपत असेल याचा अंदाज एखाद्या कंपनीला असेलही, पण तो कागदावर कुठे उतरला असेल असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. मॅन्युएल लोकशाही मोजतात ती निर्मात्यांच्या संख्येत: आधी एक कंपनी, आता शेकडो. बरोबर. पण गाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर? एचएमव्हीकडे निदान रॉयल्टीचा हिशेब नावाचा प्रकार होता. छोट्या कंपनीत गाणाऱ्याला एकदाच पैसे, हातात, आणि विषय संपला. रॉयल्टी द्यायची नाही म्हटल्यावर किती खपली हे मोजायचं कोणासाठी? मक्तेदारी मोडली तसा हिशेबही मोडला. मॅन्युएल ज्याला मोकळीक म्हणतात, तीच माझ्या आकड्याच्या गैरहजेरीचं कारण आहे. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, गायकाला आणि गीतकाराला रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळाला. चांगलंच झालं. पण १९८९ ला कोऱ्या कागदावर सही केलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय?

मग आकड्याशिवाय काही कळतच नाही का? कळतं. त्यासाठी मी कॅसेटच्या डबीतला कागद वाचते, ज्याला दुकानदार 'इनले' म्हणतात. नागपूर, उमरेड, पवनी, नागभीड, जिथे मिळतील तिथून गोळा करते आहे. त्या कागदावर 'भाग १', 'भाग २' असं असतं. कंपनी काही समाजसेवा करत नाही. भाग चार निघाला म्हणजे भाग तीन खपला. किती, ते माहीत नाही, पण पुढच्या रेकॉर्डिंगचा खर्च निघेल इतका नक्की. शीर्षगीत भाग एकमध्ये कितवं होतं आणि भाग तीनमध्ये कितवं आलं, किंमत कितीदा शिक्का मारून बदलली, खाली गावोगावच्या वितरकांची नावं किती, हे सगळं बोलतं.

दुसरी खूण म्हणजे नक्कल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं: गाणं निघून दोन वर्षं झाली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन दुसऱ्याच्या आवाजात ते पुन्हा रेकॉर्ड करता यायचं. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने याच वाटेने जुनी सिनेगीतं नव्या गळ्यांतून काढली. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांनी नोटीस वगैरेच्या भानगडीत न पडता तेच केलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आनंद-मिलिंद शिंदेंचं पोपटाचं गाणं गाजलं, आणि मग त्या चालीवर भीमाचं, गणपतीचं, निवडणुकीचं असं काय काय निघालं. कोण किती विकत घेतं ते कळलं नाही तरी कोण कोणाची चाल उचलतं ते कळतं, आणि पडलेल्या गाण्याची चाल कोणी उचलत नाही. अर्थात ही मापंसुद्धा आंधळी आहेत. जे गाणं फक्त गायलं गेलं, कॅसेटीवर आलंच नाही, ते माझ्याही हिशेबातून सुटतं. झाडीपट्टीतली दंडार, खंजिरीवरचं भजन, मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडता खुडता बाया जे गायच्या ते. आई तिथे जायची. शेठचा टेप सुरू असायचा, तो बंद पडला की बायांचं सुरू व्हायचं. टेपवर काय असायचं ते मी लिहून घेतलं आहे. बायांचं काय असायचं ते आईला विचारायचं राहून राहून राहूनच गेलं आणि आता तिलाही अर्धंच आठवतं.

कॅसेटनंतरचा टप्पा तर आणखी विरळ. २०१० च्या आसपास मामांनीच मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला सुरुवात केली. एक कार्ड, शेकडो गाणी, काय भरलं ते गिऱ्हाइकालाही माहीत नसायचं. चिठ्ठ्या बंद झाल्या. आता यूट्यूबवर प्रत्येक गाण्याखाली आकडा दिसतो आणि माझे मित्र म्हणतात, घे, मिळाला तुला आकडा. पण तो आकडा अपलोड करणाऱ्याच्या खात्याचा असतो. जुनी कॅसेट कोणीतरी घरातून चढवतो, शीर्षकात 'दुर्मिळ' लिहितो, गाणाऱ्याचं नाव चुकवतो. मोजणी आली, ज्याचं मोजायचं तो माणूस मात्र पुन्हा बाहेरच.

यातला एक माणूस आमच्या तालुक्यातलाच आहे. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. ऐंशीच्या आसपासचे आहेत. त्यांनी स्वतः लिहिलेली, गायलेली कव्वाली एका छोट्या कंपनीने कॅसेटवर काढली. माझ्याकडे तिचे चार भाग आहेत, म्हणजे निदान तीन तरी खपले. गावात अजून लग्नात ते गाणं लागतं. बाबांना किती खपली म्हणून विचारलं तर हसले.

"मले काय मालूम? एकदा पैसे देल्ले, सही घेतली. नंतर मीच दीक्षाभूमीवरून माही कॅसेट इकत आनली."

सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. तिच्या अर्जाला कलेचा पुरावा जोडावा लागतो: प्रमाणपत्रं, कात्रणं, असं काही. नातवाने अर्ज आणला आणि पुरावा म्हणून मी चारही भागांचे इनले काढले. आतापर्यंत मी ते शंभरदा वाचले होते, भाग मोजायला. बाबांचं नाव शोधायला त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. पहिल्या भागावर मुख्य गायकाच्या खाली 'व पार्टी'. दुसऱ्यावर तेच. गीत-संगीताच्या जागी 'पारंपरिक'. चौथ्यावर फोटो आहे, त्यात मागच्या रांगेत हार्मोनियमवाल्याच्या उजवीकडे बाबा उभे आहेत, अर्धा चेहरा कंपनीच्या शिक्क्याखाली.

मग बाबा म्हणाले, "नाव कागदावर पाहून राह्यली काय? गान्यात पाह्य ना."

कव्वालीच्या शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव गुंफतो, ही जुनी रीत. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो तसं. भाग दोन, बाजू ब, तिसरं गाणं, शेवटचं कडवं. बाबांचं नाव, त्यांच्याच आवाजात, गावासकट.

अर्जाला कॅसेट जोडता येते का ते मी विचारून आले. पेन ड्राइव्हमध्ये टाकून द्या म्हणाले, आणि ज्या ओळीत नाव येतं ती कितव्या मिनिटाला आहे ते वर चिठ्ठीवर लिहा.